चाकाची साखळी आणि रानातला चिखल

बर्फाच्या मुलुखात ट्रकच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात, हे चित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अहेरीच्या किंवा सिरोंच्याच्या शाळेतला पोरगा ते चित्र पाहून म्हणेल, "गुरुजी, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?" खरे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत बर्फ नाही. पण चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि गाडी तसूभर हलत नाही, हा अनुभव आपल्याइतका कोणाला असेल? गंमत अशी, की या साखळीचा जन्म बर्फाइतकाच चिखलामुळेही झाला आहे.

आधी आपली बंडी पाहा. तिच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो. धाव अरुंद, म्हणून ती चिखल कापत खालच्या कठीण थरापर्यंत जाते. चाक उंच, त्यामुळे खड्ड्यातून वर चढते. आणि मुख्य म्हणजे ओढण्याचे काम चाकाकडे नसतेच. ते बैलांच्या खुरांकडे असते. चाकाने फक्त फिरायचे. मोटारीत हा सारा हिशेब उलटला. इथे चाकानेच जमीन पकडायची आणि चाकानेच गाडी पुढे लोटायची. १८८८ साली डनलपने हवेचा रबरी टायर आणला. प्रवास मऊ झाला खरा, पण ओल्या मातीत रबराच्या खाचा चिखलाने भरल्या, की टायर सारवलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत होतो. मग इंजिनात कितीही जोर असो, चाक नुसते फिरते.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावी हॅरी वीड नावाचा एक गृहस्थ होता. त्या काळी तिकडचे मोटारवाले चिखलात किंवा बर्फात अडकले, की टायरभोवती दोर गुंडाळत, कधी रानवेलीही गुंडाळत. वीडने ते पाहिले आणि दोराच्या जागी लोखंडी कड्या आणल्या. चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक लांब साखळी, आणि टायरवरून आडव्या जाणाऱ्या आखूड साखळ्या. शिडीच म्हणा ना! १९०४ साली त्याला या कल्पनेचे पेटंट मिळाले. आता आपल्या रानात माहुलाच्या वेलीच्या सालीचा दोर वळणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. आडवा दोर मातीला अडतो, हे त्याला पेटंटावाचूनही कळते. आजही आपला ट्रकवाला अडला, की चाकाच्या तबकडीतल्या भोकांतून दोर किंवा ओंडके ओढायची साखळी घालून टायरला वेढे देतोच.

पुढे पहिल्या महायुद्धात चिखलाने भरलेल्या रस्त्यांवर लष्करी ट्रकांनी या साखळ्या वापरल्या. आपल्या देशात त्यांचे खरे घर हिमालय. १९६० साली सीमा रस्ते संघटना स्थापन झाली, १९६२ चे युद्ध झाले, आणि लडाखकडे जाणाऱ्या वाटांवर ट्रकांची वर्दळ वाढली. झोजीला खिंड ११,५०० फुटांहून उंच. तिथे ट्रक घसरला, तर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. सैन्यात चालक म्हणून गेलेल्या आपल्या कुणा मुलाला विचारा, हाताला बधिरी आणणाऱ्या थंडीत साखळी चढवणे काय असते ते!

आता दुसरा प्रकार, तारदोर. पोलादी तारा पिळून केलेली दोरी आणि तिच्यावर जागोजाग बसवलेल्या छोट्या नळ्या. तो हलका, पातळ, बांधायला सोपा. ज्या मोटारीत चाक आणि वरचे पत्र्याचे छत यांच्यात जागा थोडी, तिथे साखळी घासते, पण तारदोर मावतो. बर्फ पातळ असेल, तर काम भागते. भरल्या ट्रकाला मात्र, चढ असो वा उतार, मी साखळीच सांगेन. तिच्या कड्या खोल रुततात, झीज सोसतात, आणि एखादी आडवी साखळी तुटली तर तेवढीच बदलता येते. तारदोराची तार उसवली, की ती टायरलाच कापू लागते. थोडे चालून झाल्यावर दोन्ही पुन्हा ताणावे लागतात. आणि दोन्ही घालून कोरड्या डांबरावर वेगाने जायचे नसते. रस्ताही जातो आणि टायरही. आणखी एक गोष्ट नवखे विसरतात. मागच्या चाकांच्या साखळीने गाडी पुढे जाते, पण वळवायचे काम पुढच्या चाकांचे. उतारावर ती घसरली, तर मागची साखळी कामाला येत नाही.

मग हीच साखळी आपल्या रानात चालेल का? इथे मात्र सावधपणे बोलले पाहिजे. आपल्याकडे लाकूडतोडीचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो, आणि त्यामागे जुने शहाणपण आहे. साठीच्या दशकात आलापल्लीच्या रानात ओंडके ओढायला हत्ती आणले. त्यांचीच परंपरा आज कमलापूरच्या हत्तीकॅम्पात दिसते. हत्ती पाय टाकण्याआधी जमीन चाचपतो. ट्रकला ते येत नाही. बर्फाखाली बहुधा कठीण जमीन असते, म्हणून साखळी रुतून तिला धरते. वरोरा-राजुऱ्याकडच्या काळ्या मातीला पावसात तळच लागत नाही. तिथे साखळी लावलेले चाक फावड्यासारखे खणत जाते आणि ट्रक आसापर्यंत बसतो. पूर्वेकडे मुरमाचा थर वर असेल, तिथे तीच साखळी गाडी काढून देते.

ही चर्चा निव्वळ यंत्राची नाही. पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो, असे वर्षानुवर्षे होत आले आहे. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात ते गाव कित्येक महिने जगापासून तुटलेले असे. अशा वाटेवर धान्याचा ट्रक किंवा बाळंतिणीला घेऊन निघालेली जीप रुतली, तर ती काढायची कशी, हा प्रश्न तिथल्या तिथे सोडवावा लागतो.

तेव्हा चालकाने आधी खाली उतरावे. हातात काठी घ्यावी आणि चाकापुढच्या चिखलात ती रोवून पाहावी. वीतभर गेल्यावर काठी टणकन मुरमाला लागली, तर मागच्या चाकांना साखळी घालावी आणि पहिल्या गिअरात हळूच निघावे. काठी गुडघाभर आत जात राहिली, तर साखळी गाडीतच ठेवावी, बांबू तोडून चाकाखाली आडवे अंथरावे आणि गावातून बैलजोडी बोलवावी.