भंडाऱ्याचे पितळ आणि मोडीचा भाव

एखाद्या वस्तूचा इतिहास लिहावयाचा तर ती कशी घडली एवढे सांगून भागत नाही. ती दुसऱ्यांदा विकली जाताना तिचे मोल कोणी आणि कोणत्या मापाने ठरविले, हेही पाहावे लागते. वैनगंगेच्या काठी वसलेल्या भंडारा शहराच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे. कारण ज्या पितळी भांड्यांमुळे या शहराचा लौकिक दूरवर पोचला, त्यांतील खरोखर जुनी भांडी आज दृष्टीस पडणे दुर्घट होत चालले आहे, आणि ती गेली कोठे याचा उलगडा मोडीच्या तराजूपाशीच होतो.

भंडाऱ्याचे प्राचीनत्व वादातीत आहे. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या, कलचुरी संवत् ८६६ म्हणजे इ. स. १११४ च्या शिलालेखात, त्याला कर देणाऱ्या मंडलांच्या यादीत वैरागर आणि लांजिका यांच्या शेजारी भाणार हे नाव आलेले आहे. या नावाचा संबंध भांड्यांच्या धंद्याशी जोडण्याचा प्रघात आहे. तो व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, धंदा शहराइतकाच जुना असल्याची भावना त्यातून व्यक्त होते. पुढे नागपूर ही भोसल्यांची राजधानी झाली, आणि या कसब्याला एका मोठ्या पेठेचे सान्निध्य लाभले.

परंतु येथील कासारापुढे एक मूळची अडचण होती. या जिल्ह्याच्या उदरात मँगनीज विपुल आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणी सर्वश्रुत आहेत. पण पितळेला लागणारे तांबे आणि जस्त हे दोन्ही धातू कासाराला बाहेरूनच आणावे लागत. समुद्रमार्गे आलेले तांबे बंदरापासून वैनगंगेपर्यंत पोचेतो त्यावर वाहतूक, जकात आणि अडत यांचा किती बोजा चढत असेल याची कल्पना करता येते. अशा स्थितीत घरोघरीची फुटकी, चेपलेली, बुडाला झिजलेली भांडी हीच कासाराची खाण ठरली. गिऱ्हाइकाने जुने भांडे घेऊन यावे, ते तोलून त्याची मोड धरावी, आणि फरकाचे पैसे घेऊन नवे भांडे द्यावे, हा व्यवहार या धंद्याच्या पायाशीच होता.

मोडीचा भाव नव्या धातूच्या भावापेक्षा नेहमी कमी असे, आणि त्यामागे केवळ व्यापाऱ्याचा लोभ नव्हता. जस्ताची ९०७ अंशांवर वाफ होते, तर तांबे वितळण्यास १०८५ अंश उष्णता लागते. पितळ हे तांब्याहून कमी उष्णतेत वितळत असले, तरी मुशीत ते पातळ होईपर्यंत काही जस्त धुराच्या रूपाने उडून जातेच. शिवाय जुन्या भांड्यावर कल्हईचे कथील असते, सांध्यांवर डाक असतो, तळाशी काजळी असते. ही सारी घट हिशेबात धरूनच कासार मोड घेई. काशाची गोष्ट निराळी. तांबे आणि कथील यांचा तो मिश्रधातू असल्यामुळे त्याची परीक्षा नादावर होई, आणि बद्द वाजणाऱ्या वाटीस काशाचा भाव मिळत नसे.

या व्यवहारामुळे पितळेला गृहस्थाच्या संसारात जे स्थान मिळाले, ते आजच्या पिढीस समजावून सांगावे लागेल. मुलीच्या लग्नात आंदण म्हणून दिलेले गुंड, कोपर, गंज, परात आणि गडवे ही पाणी भरण्याची वा शिजविण्याची साधने तर होतीच, पण ती त्या कुटुंबाची शिल्लकही होती. भाताच्या या मुलखात पाऊस दगा देई तेव्हा सावकाराकडे प्रथम दागिना जाई, आणि दागिना संपला की भांडे जाई. भांड्याचे हे महत्त्व कायदेमंडळानेही ओळखले होते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने, हुकूमनाम्याच्या बजावणीत ऋणकोची आणि त्याच्या बायकामुलांची आवश्यक वस्त्रे, अंथरूण आणि स्वयंपाकाची भांडी जप्त करता येणार नाहीत, असे स्पष्ट ठरविले. ज्या वस्तूवर बेलिफाने हात टाकू नये असे सरकारला लिहून ठेवावे लागते, त्या वस्तूस बाजारात हमखास किंमत होती, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

मात्र या किमतीत एक मोठा अन्याय दडलेला होता, आणि माझ्या दृष्टीने या इतिहासाचे मर्म तेथेच आहे. नवे भांडे घेताना गिऱ्हाईक धातूचा भाव देई आणि त्यावर घडणावळ देई. तेच भांडे परत विकताना त्यास केवळ धातूचा, तोही घट वजा जाता, भाव मिळे. घडणावळ पूर्णतः बुडे. गळ्याचा डौल साधण्यात, ठोक्याशेजारी ठोका समान अंतराने बसविण्यात, काठ दुमडून त्यास बळकटी आणण्यात कारागिराचे जे कौशल्य खर्ची पडले असेल, त्याचे मोल दुसऱ्या विक्रीत शून्य होई. त्यातून भांड्यावर टोचलेले नाव सहसा मालकाचे, आंदण देणाऱ्याचे वा ज्याच्या स्मरणार्थ ते दिले त्याचे असे. घडविणाऱ्याचे नाव त्यावर येण्याची रीत नव्हती. ज्या वस्तूचा कर्ता अनाम आणि जिचे मोल केवळ वजनाचे, ती वितळविताना कोणाचे मन कचरणार?

सातासमुद्रापलीकडील एका सर्वस्वी भिन्न वस्तूचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात पिनबॉल नावाची, नाणे टाकून खेळावयाची यंत्रे लोकप्रिय झाली. न्यूयॉर्कचे नगराध्यक्ष ला ग्वार्डिया यांनी जुगाराचे साधन म्हणून १९४२ साली त्यांवर बंदी घातली. पोलिसांनी हजारो यंत्रे जप्त केली, घणाचे घाव घालून ती फोडली, आणि त्यांतील धातू युद्धकार्यास दिला. १९७६ मध्ये ही बंदी उठली, आणि आज त्याच जातीची जुनी यंत्रे हौशी संग्राहक मोठ्या किमतीस घेतात. तेथे भाव ठरतो तो यंत्र कोणत्या कारखान्याचे, कोणत्या वर्षीचे, त्या नमुन्याची किती यंत्रे निघाली आणि त्याचे मूळ भाग शाबूत आहेत की नाहीत, यावरून. वजनाचा प्रश्नच उद्भवत नाही. निर्मात्याची नोंद टिकली म्हणून वस्तूची किंमत टिकली. भंडाऱ्याच्या भांड्यास असा कागदोपत्री आधार कोणी दिला नाही.

त्याच युद्धाची झळ आपल्याकडेही पोचली. काडतुसांना पितळ लागते. तांब्याची टंचाई एवढी वाढली की सरकारने १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा पाडला. पण भंडाऱ्याच्या धंद्यास खरे हादरे बसले ते त्यापूर्वी आणि त्यानंतर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आगगाडी आली, तिच्याबरोबर गिरणीत लाटलेला तयार पत्रा आला, आणि लगड ठोकून पत्रा काढण्याचे कष्टाचे काम मागे पडू लागले. १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अॅल्युमिनियमची भांडी करून पाहिली. गावोगाव 'जर्मन' या नावाने ओळखला जाणारा तो हलका, स्वस्त आणि कल्हईची गरज नसलेला धातू यथावकाश गरिबाच्या चुलीवर चढला. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपुष्टात आली. मालगुजारांच्या ज्या तलावांसाठी हा जिल्हा प्रसिद्ध आहे ते मागे राहिले, परंतु शेकडो पानांच्या पंगतीस पुरतील अशा हंड्यांचे त्यांच्या वाड्यांतील प्रयोजन ओसरले. मेट्रिक पद्धती आली, तेव्हा पितळी शेर आणि पायल्या व्यापारातून कायद्यानेच बाद झाल्या. आणि शेवटी स्टेनलेस पोलाद आले, जे न घासता चकाकते आणि ज्यात आंबट पदार्थ कळकत नाही. या प्रत्येक टप्प्यावर पितळ मोडीत निघाले; उपयोग संपला तरी भाव शिल्लक होता, म्हणूनच ते नष्ट झाले. मातीच्या मडक्यास भाव नसल्यामुळे निदान त्याची खापरे तरी उत्खननात सापडतात. पितळेचे तेवढेही राहत नाही.

या प्रवाहाविरुद्ध उभे राहिलेले लोक थोडे. पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्योपयोगी वस्तू आयुष्यभर वेचल्या आणि पुढे आपला संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. अहमदाबादेस सुरेंद्र पटेल यांनी केवळ भांड्यांचे संग्रहालय उभारले. शहरांतील श्रीमंत दिवाणखान्यांत आज जुन्या हंड्या-घागरी शोभेसाठी मांडल्या जातात, आणि मुंबईच्या चोरबाजारात वा पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांचा भाव वजनावर न ठरता घाट, वय आणि पृष्ठभागावरील काळाची झाक यांवर ठरतो. घडणावळ अशा रीतीने पुनश्च जिवंत झाली. पण तिचा लाभ मधल्या खरेदीदारास होतो. ज्या घरातून ती वस्तू निघाली त्यास किलोचा भाव मिळालेला असतो, आणि ज्या कासाराच्या पूर्वजाने ती घडविली त्याच्या वाट्यास काहीच येत नाही.

म्हणून भंडारा, पवनी, मोहाडी, तुमसर येथील ज्यांच्या माळ्यावर अद्याप असे एखादे भांडे पडून असेल, त्यांस माझी विनंती आहे. ते काढा, पण आम्लाने वा भुकटीने घासून उजळू नका. त्याने झाकही जाते आणि किंमतही. पोटावर ठोक्यांच्या खुणा आहेत काय, सांधा कोठे आहे, बूड किती झिजले आहे, हे पाहा. चक्रावर काढलेल्या नव्या भांड्यावर समकेंद्र रेषा असतात, घणाने घडविलेल्यावर त्या नसतात. काठावर नाव, गाव वा साल टोचलेले असल्यास ते उतरून घ्या, कारण अनेक कुटुंबांत तोच सर्वांत जुना दस्तऐवज असतो. शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तूस १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यान्वये पुरावशेष मानता येते आणि तो खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. विकणे भागच असेल तर विका. परंतु छायाचित्र, वजन, माप आणि ते घरात कसे आले याची हकीकत लिहून ठेवल्यावाचून ते मोडीत देऊ नका, आणि ज्या कासाराकडून ते घेतले त्याचे नाव घरातील वृद्धांस ठाऊक असेल, तर ते आजच विचारून घ्या.