करडईचे कुंपण

उटकटारा आणि करडई ही दोन्ही सूर्यफुलाच्या, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत अॅस्टरेसी कुळातली झाडे. एक पडीक माळावर आपसूक उगवते, दुसरी हजारो वर्षांपासून माणसाच्या हातची. तरीही मोरगाव-सुप्याच्या जिरायत पट्ट्यात ज्याने दोन्ही पाहिली आहेत त्याला करडई पुरती माणसाळलेली वाटत नाही. तिने काटे सोडलेले नाहीत.

तिचा रानटी पूर्वज दख्खनचा नव्हे. तो पश्चिम आशियातला, पॅलेस्टाईनच्या बाजूचा, असे आता मानले जाते. इजिप्तच्या थडग्यांत तिची फुले सापडली आहेत. संस्कृतातला 'कुसुंभ' तो हाच. पाकळ्यांतला पिवळा रंग पाण्याने धुऊन टाकायचा, मग क्षाराने लाल रंग मोकळा करायचा आणि आंबटाने तो कापडावर बसवायचा, अशी ती कुसुंबी रंगाची खटपट. 1856 नंतर कृत्रिम रंग निघाले आणि काही दशकांतच ही रंगकला मोडीत निघाली.

आपल्याकडे मात्र करडईचे खरे मोल तेलाचे होते. 1885 च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात तिची नोंद आहे. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला मुलूख. रब्बी ज्वारीत काही ओळींनंतर करडईची एखादी ओळ, आणि शेताच्या कडेने तिचे पट्टे. सोटमूळ खोल जाते, म्हणून काळ्या रानातल्या ओलीवर ती तग धरते. कोवळी असताना तिची भाजी होते. पुढे काटे टणक झाले की ढोरे आणि मेंढरे तिच्या वाटेला जात नाहीत. धनगरांचे कळप ज्या मुलखातून हिंडतात तिथे हे फुकटचे कुंपण होते. ज्वारी तिच्या आडोशाने वाचे, आणि कुंपणाचेच पुन्हा घाण्यावर तेल निघे. एवढी काटकसर दुसऱ्या कुठल्या पिकात मला दिसत नाही.

1876 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला आणि 1880 च्या दशकात त्यात पाणी आले. सरकारला वाटले होते की शेतकरी आनंदाने पाणी घेतील. पण जिरायतीतल्या माणसाला ते पाऊस दगा देई त्या वर्षीच हवे असे. पावसाच्या वर्षी तो पट्टी कशाला भरेल? कालव्याचा खरा उपयोग केला तो उसाच्या बागाइतदारांनी, त्यांत सासवडकडून आलेल्या माळी कुटुंबांचा मोठा वाटा. 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला, पुढे सहकारी कारखाने आले. कालव्याच्या खालच्या बाजूला करडईचे कामच उरले नाही. वरच्या बाजूला मात्र ती राहिली.

तिथून तिला घालवले ते उसाने नव्हे. एकीकडे मजुरी: काढणी पहाटे, दवाने काटे नरम असताना, हातपायांना फडकी गुंडाळून करावी लागते, आणि त्या कामाला माणूस मिळेना. दुसरीकडे 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. देशात 1990 च्या सुमारास सात लाख हेक्टरांहून अधिक असलेले क्षेत्र 2010 चे दशक संपेपर्यंत एक लाखाच्या खाली आले. गंमत अशी की याच काळात करडईचे तेल हृदयाला चांगले म्हणून शहरात नावाजले जात होते!

नीरेपलीकडे फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये काढलेल्या संस्थेने बिनकाट्याच्या करडईवर बरेच काम केले. 'नारी-6' हा बिनकाट्याचा वाण एकविसाव्या शतकाच्या आरंभी आला. काढणी सोपी झाली, पाकळ्या खुडून चहासाठी विकता येऊ लागल्या. शास्त्राच्या बाजूने हे यश निर्विवाद आहे. पण जिला जनावरे तोंड लावतात ती करडई कडेला पेरून उपयोग काय, हा प्रश्न शेतकऱ्याने विचारला तर तो अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. काटा हा एकाच वेळी तिचा दोष होता आणि तिची चाकरीही. पिकाचा अभ्यास एकेका झाडापुरता झाला आणि ज्वारीच्या शेतातले तिचे स्थान मोजायचे राहून गेले, असे माझे मत आहे.

आज या भागात करडईची भाजी क्वचित बाजारात येते. उटकटारा मात्र माळावर तसाच आहे, निळसर गोंडे घेऊन. त्याची कोणी पेरणी केली नव्हती.