शाकाहाराकडे वळताना : श्रावणापुरते नव्हे, कायमचे ताट

- प्रतिनिधी

मांसाहारी मराठी घराला शाकाहारी स्वयंपाक नवा नसतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी आणि वर अख्खा श्रावण असा हिशेब मांडला, तर अनेक घरांत वर्षातील बराचसा काळ बिनमासळीचाच जातो. तरीही गळ्यात माळ घातलेला, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा दाखविलेला किंवा नुसते मनाला पटेनासे झालेला माणूस जेव्हा कायमचा मांसाहार सोडतो, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्याची पंचाईत होते. श्रावण संपणार आहे हे ठाऊक असल्याने महिनाभर बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी आणि पातळ वरण यांवर भागते. कायमच्या ताटाचे तसे नसते.

सर्वाधिक आढळणारी चूक साधी आहे. ताटातून सुरमईची तुकडी जाते आणि तिच्या जागी काहीच येत नाही. आला तर भाताचा आणखी एक वाढा येतो. मग दोन तासांत पुन्हा भूक लागते, हात फरसाणाच्या डब्याकडे वळतो आणि 'शाकाहारी झालो तरी वजन वाढले' अशी तक्रार सुरू होते.

प्रथिनांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिलेला बरा. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. सहा मध्यम पोळ्यांतून १८ ग्रॅमच्या आसपास मिळतात. तीस ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे ७ ग्रॅम, ग्लासभर दुधातून तितकीच आणि मूठभर शेंगदाण्यांतून ६ ग्रॅम. दोन्ही जेवणांत डाळ किंवा उसळ आणि दिवसभरात दोनदा दूध-दही असले की आकडा गाठता येतो. मात्र वाटीच्या तळाशी चार दाणे दिसतील असे वरण यात धरायचे नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, कडधान्यात मेथिओनिन; दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. वरण-भात, पिठले-भाकरी, उसळ-पोळी या जोड्या आपल्या आज्यांनी हे शास्त्र न शिकताच जमविल्या होत्या.

कडधान्यांनी पोट फुगते, अशी नवशाकाहारी मंडळींची तक्रार असते व ती खोटी नाही. आतड्याला सवय व्हायला थोडे आठवडे द्यावे लागतात. पहिल्या पंधरवड्यात मुगावर भर द्यावा, मग मटकी, मसूर, चवळी आणि शेवटी छोले-राजमा. कडधान्य रात्री भिजवून ते पाणी टाकून द्यावे. मटकी आठ तास भिजवून फडक्यात बांधली, की उन्हाळ्यात रात्रभरात आणि थंडीत दीड दिवसात मोड येतात. फोडणीत हिंग हवाच. राजमा मात्र कच्चा, मोड आलेला असला तरी, खाऊ नये. भिजवून नीट उकळल्याशिवाय त्यातील घातक लेक्टिन जात नाही.

खरी अडचण असते जिभेची. गंमत अशी, की माणसाला आठवण येते ती बहुधा मांसापेक्षा रश्श्याची. तो रस्सा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा असतो, आणि ते वाटण शाकाहारीच आहे! मालवणी घरात काळ्या वाटाण्याचे सांबार याच वाटणावर उभे असते. तिरफळाचा वासही माशांपुरता राखून ठेवण्याचे कारण नाही. गोव्याच्या खतखत्यात ते भाज्यांतच पडते. खानदेश-विदर्भाकडे पाटवडीचा झणझणीत रस्सा आहे, सांगली-साताऱ्याच्या बाजूला अख्खा मसूर आहे, सीकेपी घरांत वालाचे बिरडे आहे. वाल सोलण्याचा कंटाळा हा एकच दोष त्या बिरड्यात काढता येईल. कच्चा फणस आणि अळंबी यांचा पोत मांसाच्या जवळ जातो खरा, पण प्रथिने बेताचीच. त्यामुळे त्यांच्याबरोबर डाळ हवीच. शेवभाजी चविष्ट असली, तरी तळलेल्या शेवेवर रोजचे जेवण बेतू नये.

या सगळ्यात दुर्लक्षिला जाणारा आणि म्हणूनच धोक्याचा घटक म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतींत नैसर्गिकरीत्या भरवशाचे मिळत नाही. मोड आलेल्या कडधान्यांतून किंवा स्पिरुलिनातून ते मिळते, हा समज चुकीचा आहे. प्रौढाची गरज २०२०च्या शिफारशीत दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम धरली आहे. कपभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. म्हणजे दोन कप दूध किंवा तेवढे दही रोज हवे, आणि दूधही वर्ज्य करणाऱ्याला पूरक गोळी टाळता येत नाही. यकृतातील साठा वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून उणीव उशिरा उघडी पडते. हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, विसरभोळेपणा अशी लक्षणे 'वयोमानाने' म्हणून सोडून दिली, तर मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते. मधुमेहावर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. त्या औषधाने बी-१२चे शोषण घटते. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे आणि गोळीचा डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

लोहाचेही भान हवे. वनस्पतीतील लोह शरीर कमी शोषते. लिंबू, आवळा, पेरू अशा क जीवनसत्त्वाच्या पदार्थांनी ते शोषण वाढते, तर जेवणावरच्या चहाने घटते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले तरी फरक पडतो. अळिवाचे लाडू बाळंतिणीपुरते का ठेवावेत, हाही प्रश्नच आहे. नाचणी आणि तिळातून कॅल्शिअम, जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ प्रकारची चरबी मिळते, आणि मासे सुटल्यावर आयोडिनसाठी आयोडिनयुक्त मीठच वापरावे.

घरात एकटाच शाकाहारी झाला असेल, तर स्वयंपाक करणाऱ्याचाही विचार हवा. दोन वेगळे स्वयंपाक रोज कोणालाच झेपत नाहीत. रविवारी वाटण जास्त करून फ्रीजरमध्ये ठेवावे, दोन कडधान्ये भिजत घालावीत. एकाच वाटणाचे दोन भाग करून एका पातेल्यात कोंबडी आणि दुसऱ्यात काळे वाटाणे शिजू शकतात. फक्त डाव वेगवेगळे ठेवावेत, म्हणजे माळकऱ्याच्या पानात रस्सा वाढताना वाद होत नाही.