एकदाच आणा, सर्वांना वाटा

मार्च १९९९मध्ये नेटस्केपने आरएसएस फीड आणले. संकेतस्थळावर नवे काय आले, हे वाचकाला तिथे न जाता कळू लागले. परंतु प्रत्येकाचा संगणक तीच फाइल ठरावीक वेळाने पुन्हा मागवी, नवे काही नसले तरी. लहान सर्व्हरांवर भार वाढला.

एक उपाय १९९७च्या एचटीटीपी १.१मध्येच होता. ईटॅग ही खूण जुळली, तर सर्व्हर ‘३०४’, म्हणजे ‘बदल नाही’, एवढेच कळवी.

२००५ साली आलेले गूगल रीडर फीड एकदा आणून साठवी आणि सर्व वाचकांना वाटी. मूळ फीडमधून गळालेले जुने लेखही त्या साठ्यात टिकत. १ जुलै २०१३ रोजी ही सेवा बंद झाली. साठा असंख्य वाचकांच्या उपयोगाचा होता. किल्ली मात्र एकाच कंपनीकडे होती.