महाबळेश्वरचे पॉइंट कोणी घडवले?

महाबळेश्वरला एका दिवसासाठी येणाऱ्या जोडप्याचा फेरा ठरलेला असतो. पहाटे पुणं सोडायचं, वाई ओलांडून पसरणीचा घाट चढायचा, पाचगणी मागे टाकायची आणि वेण्णा तलावाशी पहिला चहा घ्यायचा. मग क्षेत्र महाबळेश्वरवरून पुढे आर्थर सीटपर्यंत जायचं. वाटेत सावित्री पॉइंट आणि एको पॉइंट, कठड्याला टेकून फोटो, भाजलेलं कणीस, तिखट-मीठ लावलेली गाजरं, स्ट्रॉबेरी आणि क्रीम. संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्त बघायचा आणि परतताना बाजारातून फुटाणे नि मध घ्यायचा. हा दिवस इतका अंगवळणी पडला आहे की तो कधीकाळी कोणी तरी घडवला असेल असं मनातही येत नाही. त्याला मात्र जेमतेम दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातली बरीच माणसं पॉइंटांच्या नावांत कुठेच सापडत नाहीत.

त्याआधी डोंगर ओसाड नव्हता. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांच्या उगमाला यात्रेकरू शतकानुशतकं येत होते. पंचगंगेच्या देवळात सात धारांची जागा आहे. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी येते, अशी श्रद्धा आहे. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी इथेच जिजाऊंची सुवर्णतुला केली. खाली जावळीचं खोरं. माथ्यावरून पारकडे उतरणारा रडतोंडीचा घाट आहे. १६५९ मध्ये अफझलखानाची फौज याच वाटेने प्रतापगडाच्या पायथ्याशी उतरली. वर रानात धावड दगडातून लोखंड गाळत, गवळी-धनगर म्हशी राखत, कुणबी उतारावरचा झाडोरा तोडून-जाळून नाचणी आणि वरई पिकवत. ही सगळी माणसं रोज कड्याच्या काठावरून ये-जा करत होती. दरी त्यांच्यासाठी उतरायची, चढायची किंवा टाळायची जागा होती. केवळ बघत बसण्यासाठी काठावर जाण्याइतकी उसंत त्यांना नव्हती.

१८२४ मध्ये साताऱ्याच्या पलटणीतला पीटर लॉडविक हा अधिकारी डोंगर चढून आला. इथली हवा गोऱ्या शिपायांना मानवेल, हे त्याने मुंबईच्या वर्तमानपत्रातून मांडलं. साताऱ्याचे रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून रस्ता करवून घेतला. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम स्वतः आले आणि १८२९ मध्ये करार झाला. त्यानुसार महाराजांनी डोंगरमाथ्यावरची जमीन ईस्ट इंडिया कंपनीला दिली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. नव्या वसाहतीचं नाव पडलं माल्कम पेठ. ज्यांनी जमीन दिली आणि रस्ता बांधला, त्या प्रतापसिंहांना कंपनीने पुढच्या दहाच वर्षांत, १८३९ मध्ये, पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांच्या जागी गादीवर बसवलेल्या त्यांच्या भावाने, शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी, १८४२ मध्ये वेण्णेचं तळं बांधवून घेतलं. आज जोडपी होडीतून फिरतात ते हेच पाणी. पॉइंटांच्या नावांत गव्हर्नर, सरदार, त्यांची मुलं-माणसं सगळी आहेत, पण प्रतापसिंह नाहीत, ही गोष्ट मनाला लागते.

नावं देण्याचा सपाटाही मोठा होता. सिंदोळ्याची टेकडी पुढे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने विल्सन पॉइंट झाली. इथलं सर्वांत उंच ठिकाण तेच. नाके खिंडीला माल्कमच्या मुलीचं, केटचं नाव मिळालं. १८३१ मध्ये महाबळेश्वरीच वारलेल्या सर सिडनी बेकविथ यांच्या नावाचा सिडनी पॉइंट पुढे लॉडविकच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि तिथे १८७४ मध्ये लॉडविकच्या मुलाने बापाच्या स्मरणार्थ खांब उभारला. त्या खांबापासून पुढे निमुळत्या सोंडेवरून ‘हत्तीचं डोकं’ म्हणवणाऱ्या टोकापर्यंत चालत जाता येतं. मोटारीचा दरवाजा उघडून बघायच्या जागांपेक्षा ही वाट कितीतरी श्रीमंत आहे. दोन्ही बाजूंना खोल दरी आणि समोर प्रतापगड. चालणाऱ्या जोडप्याने एकच पॉइंट निवडायचा झाला, तर हाच निवडावा.

आर्थर सीटचं नाव आर्थर मॅलेट या मुलकी अधिकाऱ्याचं. मढी महाल या जुन्या नावाच्या जागी त्याने घर बांधलं. त्याची बायको आणि तान्ही मुलगी बाणकोटच्या खाडीत, सावित्रीच्या मुखाशी, तेरा खलाशांसह बुडाली. त्या काळी मुंबईहून महाबळेश्वरला येणारी एक वाट समुद्रमार्गे बाणकोटला, तिथून सावित्रीतून होडीने महाडच्या बाजूला आणि मग पालखीतून घाट चढून अशी होती. आर्थर सीटच्या काठावरून जी खोल घळ दिसते, ती त्याच सावित्रीची. नदी इथे उगम पावते आणि तिथे समुद्राला मिळते. हे कळल्यावर त्या कठड्याशी घाईने फोटो काढून परत फिरणं जमत नाही.

पालखी कोणी उचलली, रस्ते कोणी फोडले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. १८३४ मध्ये माल्कम पेठेत तुरुंग झाला. मलाया द्वीपकल्पाच्या बाजूच्या ब्रिटिश वसाहतींतून काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेले चिनी आणि मलायी कैदी तिथे ठेवले होते. वसाहतीतले बहुतेक रस्ते त्यांच्या हातचे. घोड्यावरून, पालखीतून आणि पुढे मोटारीतून कड्याच्या टोकापर्यंत जाता येऊ लागलं ते या माणसांच्या घामामुळे. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. स्वतःच्या देशापासून हजारो मैलांवर, सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या डोंगरावर त्यांनी इथल्या सुखवस्तू पाहुण्यांच्या सहलीसाठी वाटा बांधल्या. महाबळेश्वरच्या इतिहासातलं सर्वांत मोठं ऋण मला त्यांचं वाटतं.

हे ऋण ताटापर्यंत येतं. कैद्यांना बागकामालाही लावलेलं होतं. बटाटे आणि विलायती भाज्या त्यांनी इथे पिकवल्या आणि गोऱ्यांच्या स्वयंपाकघरांना पुरवल्या. थंड हवा, लाल माती आणि वेण्णेकाठचं पाणी यांवर भाजीचे मळे चांगले पोसतात, हे त्या बागांनी दाखवून दिलं. स्ट्रॉबेरीही साहेबाच्या काळातच या डोंगरावर आली. विसाव्या शतकात स्थानिक शेतकऱ्यांनी ती नगदी पीक म्हणून हाती घेतली, नवनव्या जाती लावल्या, आणि पाचगणीत १९५९ मध्ये सुरू झालेल्या मॅप्रोसारख्या उद्योगांनी तिचे जॅम आणि सरबतं घरोघर पोचवली. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. पाचगणीजवळचं भिलार हे स्ट्रॉबेरीचं गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणूनही ओळखलं जातं. तिथे घराघरांत मांडलेली पुस्तकं चाळता चाळता शेतातली ताजी फळं खाता येतात.

पॉइंटवरून दिसणाऱ्या हिरव्या रानालाही किंमत मोजावी लागली आहे. इंग्रज सरकारने माल्कम पेठेभोवतालचं जंगल राखायला घेतलं, तेव्हा धावडांच्या भट्ट्यांना कोळसा मिळेना. लोखंड गाळायचा पिढीजात धंदा बसला आणि ती माणसं मजुरीकडे वळली. कुमरीची, म्हणजे झाडोरा तोडून-जाळून केलेली शेतीही आवळत गेली. जंगल टिकलं हे चांगलंच झालं, आणि २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला तेही गरजेचं होतं. पण ज्यांच्या पोटावर ते बेतलं, त्यांचा उल्लेख व्हायला हवा.

स्वातंत्र्यापर्यंत महाबळेश्वर मुख्यतः सरकारी बंगल्यांचं, संस्थानिकांचं आणि मुंबईच्या धनिकांचं होतं. उन्हाळ्यात मुंबई सरकारच इथे मुक्कामाला यायचं. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली, पुढे टॅक्सीवाल्यांच्या ठरलेल्या फेऱ्या आल्या आणि मध्यमवर्गीय मराठी जोडप्यांना हा डोंगर परवडू लागला. भरल्या घरात एकमेकांशी दोन शब्द निवांत बोलायला न मिळणाऱ्या नवविवाहितांसाठी पॉइंटकडे जाणारी पायवाट ही बरोबरीने चालण्याची पहिली मोकळी जागा ठरली. लाटसाहेबांसाठी केलेल्या वाटेचा याहून चांगला उपयोग सुचणं कठीण आहे.

स्ट्रॉबेरी-क्रीमपाशी न थांबता या डोंगराची जुनी चवही घ्यावी. एखाद्या घरगुती खानावळीत नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला, तर ते उताराच्या शेतीतलं अन्न आहे हे ओळखून खावं. आणि मध घ्यावा तो विचारून. इथल्या सातेरी माश्या जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलांवरून मध आणतात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच बहरते, म्हणून कारवीचा मध मिळण्याचं साल ठरलेलं असतं. डोंगरातल्या मधपाळांची मधुसागर ही सहकारी संस्था हा मध गोळा करून विकते. २०२२ मध्ये तालुक्यातलं मांघर हे गाव मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मधमाश्यांना राखीव रान चालतं, किंबहुना तेच लागतं. त्यामुळे कुऱ्हाड आणि भट्टी गेल्यावरही इथल्या कुटुंबांना जंगलातूनच चार पैसे मिळवण्याचा मार्ग उरला आहे, आणि मांघरच्या घरांभोवती लाकडी मधपेट्या मांडलेल्या दिसतात.