काळ्या सिल्व्हियाचं कूळ

16 मे 1866 च्या रात्री मद्रासच्या नुंगमबाक्कम भागातल्या वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन या सरकारी खगोलज्ञानं एक नवा लघुग्रह टिपला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात सापडलेला हा सत्त्याऐंशीवा लघुग्रह, म्हणून त्याला अनुक्रम मिळाला 87 आणि नाव ठेवलं सिल्व्हिया. कक्षेचं गणित झालं, यादीत एक ओळ वाढली आणि प्रकरण संपलं. मद्रासच्या त्या दुर्बिणीत आलेला ठिपका पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या डझनभर गोलांपैकी एक आहे, त्याची सरासरी रुंदी 270 किलोमीटरांच्या घरात आहे आणि त्याच्याभोवती दोन चंद्र फिरतात, हे जगाला कळायला 139 वर्षं जावी लागली. एवढा उशीर होण्याचं मुख्य कारण एकच : सिल्व्हिया काळी आहे.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. लघुग्रहाचं मात्र दोन्ही विचारावं लागतं. तो कुठून आला हा एक प्रश्न, आणि आपल्याला तो कसा कळत गेला हा दुसरा. सिल्व्हियाच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मद्रासपासून सुरू होतं.

मद्रासची वेधशाळा मुळात विल्यम पेट्री या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याची खासगी हौस होती. 1786 मध्ये त्यानं ती उभारली, पुढे कंपनीनं ती ताब्यात घेतली आणि 1792 मध्ये नुंगमबाक्कमला तिची स्वतंत्र इमारत झाली. कंपनीला आकाशाचं कौतुक नव्हतं. तिला जहाजांसाठी आणि जमीनमोजणीसाठी बिनचूक रेखांश हवे होते. विल्यम लॅम्बटननं 1802 मध्ये सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणानं मद्रास वेधशाळेचाच रेखांश पायाला धरला. पुढे रेल्वे आली तेव्हा तिची घड्याळंही बराच काळ मद्रासच्या वेळेवर चालली. अशा कामाच्या कचेरीत लघुग्रह शोधणं हा रोजच्या नोकरीचा भाग नव्हे. ते पॉग्सननं आपल्याबरोबर इंग्लंडहून आणलं.

पॉग्सनचा जन्म 1829 चा, नॉटिंगहॅमचा. 1861 मध्ये मद्रासला येण्यापूर्वीच ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत असताना त्याच्या नावावर इसिस, एरियाडनी आणि हेस्टिया हे लघुग्रह लागले होते. पण खगोलशास्त्रात त्याचं नाव अजून टिकून आहे ते दुसऱ्याच कामामुळे. ग्रीकांच्या काळापासून ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या सहा प्रती मानत आले होते : सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. एक प्रत म्हणजे नक्की किती पट, यावर मात्र एकमत नव्हतं. 1856 मध्ये पॉग्सननं सुचवलं की पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट प्रकाश धरावा, म्हणजे एका प्रतीला सुमारे 2.512 पट. आज जगभर हेच माप चालतं. आणि त्यानं ते मांडलं कशात? छत्तीस लघुग्रह 1857 सालच्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेला किती तेजस्वी दिसतील, याचं कोष्टक देणाऱ्या एका छोट्या लेखात. ताऱ्यांच्या तेजाची मोजपट्टी अशी लघुग्रहांच्या निमित्तानं तयार झाली.

त्या काळात लघुग्रह शोधण्याला स्पर्धेचं रूप आलं होतं. 1 जानेवारी 1801 रोजी पालेर्मोत पियाझ्झीला सेरेस सापडला. 1807 पर्यंत पॅलास, जुनो आणि व्हेस्टा मिळाले. मग अडतीस वर्षं काहीच नाही. 1845 मध्ये अ‍ॅस्ट्रिया सापडल्यावर जणू बांध फुटला आणि जवळपास दर वर्षी नवे लघुग्रह येऊ लागले. पद्धत साधी, पण डोळ्यांचं तेल काढणारी. आकाशाच्या एका तुकड्यातले सगळे अंधूक तारे नकाशावर उतरवायचे, पुन्हा पुन्हा तोच तुकडा ताडून पाहायचा आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला तर तो सरकतो का यावर नजर ठेवायची. जो सरकेल तो तारा नव्हे. रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांचा नाद असलेल्या पॉग्सनला असे नकाशे काढण्याची सवय होतीच. मद्रासला आल्यावर 17 एप्रिल 1861 रोजीच त्याला 67 एशिया सापडला. आशिया खंडातून शोधलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून खंडाचंच नाव. 1864 मध्ये सॅफो, 1866 मध्ये सिल्व्हिया, 17 नोव्हेंबर 1868 रोजी कॅमिला आणि पुष्कळ उशिरा, 1885 मध्ये, व्हेरा.

ही वेधशाळा एकट्या पॉग्सनची नव्हती. चिंतामणी रघुनाथाचारी तिथे आयुष्यभर वेध घेत होते. 1867 मध्ये आर रेटिक्युली हा रूपविकारी तारा त्यांनी शोधला, 1872 मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते सदस्य झाले आणि 1874 च्या शुक्राच्या अधिक्रमणाबद्दल, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना दिसण्याबद्दल, लोकांना कळेल अशा भाषेत त्यांनी पुस्तिका लिहिली. पॉग्सनची मुलगी इसिस 1873 पासून तिथे साहाय्यक म्हणून कामाला लागली. 1886 मध्ये तिचं नाव त्याच सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवलं गेलं. स्त्रियांना दार उघडल्यावर, 1920 मध्ये, ती सदस्य झाली. लघुग्रहांच्या यादीत शोधकाच्या रकान्यात एकच नाव मावतं. त्या नावामागे माणसं किती होती हे यादी सांगत नाही.

सिल्व्हियाच्या नावाचीही एक गडबड झाली. कामिय फ्लामारियाँ या फ्रेंच खगोल-लेखकाच्या पहिल्या पत्नीवरून, सिल्व्हीवरून, हे नाव पडलं, असं विसाव्या शतकातल्या संदर्भग्रंथात छापलं गेलं आणि पुढच्यांनी ते तसंच उतरवून घेतलं. वास्तविक पॉग्सननं 1866 च्या आपल्या टिपणातच स्वच्छ लिहिलं होतं की नाव रोमन पुराणकथेतल्या रिया सिल्व्हियाचं आहे. रोम शहर वसवणाऱ्या रोम्युलस आणि रिमस या जुळ्यांची ती आई. फ्लामारियाँचं लग्न तर 1874 चं, शोधानंतर आठ वर्षांनी झालेलं. मूळ कागद न उघडता लिहिलेल्या इतिहासाचं हे नमुनेदार उदाहरण. आईचं हे नाव पुढे किती चपखल ठरणार होतं, याची कल्पना मात्र खुद्द पॉग्सनलाही असणं शक्य नव्हतं.

शोधाच्याच वर्षी सिल्व्हियाचा पत्ताही महत्त्वाचा ठरला. अमेरिकेत डॅनिएल कर्कवूडनं 1866 मध्ये दाखवून दिलं की लघुग्रह पट्ट्यात सारखे पसरलेले नाहीत, मध्ये मोकळ्या फटी आहेत. जिथे लघुग्रहाचा सूर्याभोवतीचा काळ गुरूच्या काळाच्या निम्मा, एक तृतीयांश असा सोप्या प्रमाणात येतो, तिथे गुरूची ओढ पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसते आणि लघुग्रह तिथून निसटतो. निम्म्या काळाची फट सूर्यापासून 3.27 खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या 3.27 पटीवर, आहे. मुख्य पट्टा तिथे जवळजवळ संपतो. सिल्व्हिया या फटीच्या पलीकडे, सुमारे 3.48 एककांवर, म्हणजे 52 कोटी किलोमीटरांवर, साडेसहा वर्षांत एक फेरी करते. टेम्पलनं 1861 मध्ये मार्सेयहून शोधलेल्या 65 सिबेलीवरून इथल्या विरळ वस्तीला सिबेली गट म्हणतात. मद्रासची कॅमिलाही याच वस्तीतली.

पॉग्सन 1891 मध्ये मद्रासलाच वारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हायडेलबर्गच्या माक्स वोल्फनं छायाचित्रावरून पहिला लघुग्रह शोधला आणि डोळ्यांनी नकाशे ताडण्याचा जमाना सरला. पॉग्सनच्या पश्चात त्याच्या जागी आलेल्या मिची स्मिथनं त्याची अप्रकाशित निरीक्षणं छापून काढली, आणि 1899 मध्ये वेधशाळेचं मुख्य काम कोडाईकनालच्या डोंगरावर गेलं. छायाचित्रांमुळे लघुग्रह इतके सापडू लागले की एकेका लघुग्रहाकडे बघायला कुणाला फुरसत उरली नाही. सिल्व्हिया तर गर्दीतली एक.

खरी अडचण मापाची होती. दुर्बिणीतून मोजता येईल अशी चकती फक्त पहिल्या चार लघुग्रहांची दिसे. बाकी सगळे ठिपके. ठिपक्याचं तेज पॉग्सनच्या पट्टीवर मोजता येई, पण तेजावरून आकार निघत नाही. लहान आणि उजळ गोल जेवढा प्रकाश परत पाठवतो, तेवढाच मोठा आणि काळा गोलही पाठवतो. सिल्व्हियाचा पृष्ठभाग चंद्रासारखा, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा सुमारे 12 टक्के भाग परत पाठवणारा, असं धरलं तर तिची रुंदी जेमतेम 160 किलोमीटर भरते. घनफळाच्या हिशेबात हा अंदाज चौपटीहून अधिक चुकतो. ज्यानं प्रकाशाची मोजपट्टी घालून दिली, त्याच्याच शोधापुढे ती पट्टी अपुरी पडली.

तोडगा निघाला तो उष्णतेच्या वाटेनं. काळा पृष्ठभाग प्रकाश गिळतो, तापतो आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपानं बाहेर टाकतो. परत आलेला प्रकाश आणि बाहेर पडलेली उष्णता ही दोन्ही मापं हाती आली की काळेपणा आणि आकार वेगवेगळे काढता येतात. 1970 च्या सुमारास ही रीत रुळली. 1983 मध्ये आयरास हा अवरक्त उपग्रह अवकाशात गेला आणि त्यानं लघुग्रहांची घाऊक मापणी केली. सिल्व्हियाची रुंदी निघाली सुमारे 261 किलोमीटर, आणि परत येणारा प्रकाश अवघा चार टक्क्यांच्या आसपास. चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखी ही काळी. एकटी तीच अशी नव्हती. 1982 मध्ये ग्रेडी आणि टेडेस्को यांनी दाखवलं की पट्ट्याच्या आतल्या कडेला उजळ, खडकाळ लघुग्रहांचं प्रमाण जास्त, मध्ये कार्बनयुक्त काळ्यांचं, आणि बाहेर जावं तसं तांबूस-काळ्या, अतिप्राचीन वाटणाऱ्या वर्गांचं. सिल्व्हिया यांतल्या पी वर्गातली. दरम्यान तिच्या तेजातल्या चढउतारांवरून ती 5 तास 11 मिनिटांत स्वतःभोवती फिरते आणि चांगलीच लांबट आहे, हेही कळलं होतं.

मग चंद्र सापडले. लघुग्रहालाही चंद्र असू शकतो याचा पुरावा गॅलिलिओ यानानं 1993 मध्ये इडा या लघुग्रहाजवळून जाताना टिपलेल्या छायाचित्रांत मिळाला. वातावरणामुळे थरथरणारी प्रतिमा क्षणोक्षणी आरसा वाकवून स्थिर करण्याचं तंत्र तोवर जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींना साधू लागलं होतं. फेब्रुवारी 2001 मध्ये मायकल ब्राऊन आणि जाँ-लुक मार्गो यांना हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीतून सिल्व्हियाशेजारी एक चंद्र दिसला. पुढे फ्रांक मार्शी आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या 2004 च्या प्रतिमांत दुसरा, अधिक जवळचा आणि लहान चंद्र शोधला. ऑगस्ट 2005 मध्ये ही बातमी नेचर या विज्ञान-नियतकालिकात आली : दोन चंद्र असलेला ज्ञात असा पहिला लघुग्रह. बाहेरचा चंद्र सुमारे 1360 किलोमीटरांवरून साडेतीन दिवसांहून थोड्या अधिक वेळात फिरतो, आतला सुमारे 700 किलोमीटरांवरून दीड दिवसाच्या आत. नावं शोधावी लागली नाहीत. आई रिया सिल्व्हिया असल्यावर मुलं रोम्युलस आणि रिमसच. मद्रासच्या कॅमिलाचंही असंच झालं. 2001 मध्ये हबल दुर्बिणीतून तिचा एक चंद्र दिसला आणि 2016 मध्ये दुसरा जाहीर झाला. नुंगमबाक्कमहून अडीच वर्षांच्या अंतरानं टिपलेले दोन काळे ठिपके असे दोन्ही तिहेरी निघाले.

चंद्र मिळाले की केप्लरच्या नियमानं वस्तुमान मिळतं आणि वस्तुमानाला घनफळानं भागलं की घनता. 2005 मध्ये ती पाण्याच्या 1.2 पट निघाली. एवढा हलका गोल म्हणजे आत पोकळ्या असलेला, धडकेत फुटून पुन्हा गोळा झालेला ढिगारा असावा, आणि चंद्र त्याच धडकेचे अवशेष, असा निष्कर्ष निघाला. पुढे 2013 च्या जानेवारीत सिल्व्हिया एका ताऱ्यासमोरून गेली. अशा पिधानात लघुग्रहाची सावली पृथ्वीवरून सरकते आणि ती किती सेकंद टिकली यावरून आकार काढतात. रोम्युलसची जागा गणितानं सांगितली होती तिच्यापासून 15 किलोमीटरांच्या आत सापडली. तो सुमारे 23 किलोमीटरांचा आणि खूप लांबट निघाला. त्यातच एक विसंगतीही पुढे आली. सिल्व्हिया एवढी लांबट आहे की आतून ती एकजिनसी असती, तर चंद्रांच्या कक्षा तिच्या ओढीनं हळूहळू वळताना दिसायला हव्या होत्या. तशा त्या दिसल्या नाहीत. 2021 मध्ये बेनुआ कॅरी आणि सहकाऱ्यांनी नवी निरीक्षणं घालून घनता सुमारे 1.38 काढली आणि मांडलं की सिल्व्हियाच्या गाभ्यात जड द्रव्य असून त्याभोवती हलकं, सच्छिद्र आवरण आहे. नुसता ढिगारा म्हणून तिला निकालात काढता येणार नाही. एके काळी ती आतून तापून तिच्यात थर पडले असावेत.

म्हणजे पहिला प्रश्न, ती मुळात कुठली, हा पुन्हा उघडा झाला. पी वर्गाचे लघुग्रह धूमकेतूंच्या नात्यातले वाटतात. ते आज आहेत तिथे जन्मलेच नाहीत, सूर्यमालेच्या सुरुवातीच्या उलथापालथीत फार दूरच्या थंड प्रदेशातून आत ढकलले गेले, असा एक प्रबळ तर्क आहे. सिल्व्हियाचे थर त्या तर्कात बसतात की त्याला मुरड घालायला लावतात, यावर काम चालू आहे.

सिल्व्हियाकडे आजवर एकही यान गेलेलं नाही. तिच्याबद्दल जे कळलं ते सगळं दुरून कळलं, आणि त्यात पिधानाच्या वेधांचा वाटा मोठा आहे. हे वेध एका महादुर्बिणीनं भागत नाहीत. सावलीच्या वाटेवर वेगवेगळ्या गावांत माणसं बसावी लागतात, आणि जगभर ही माणसं बहुतेक हौशी असतात. प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे आकाशात सूर्याच्या विरुद्ध दिशेला असताना, सिल्व्हिया 11 ते 12 प्रतीची असते. निरभ्र, अंधाऱ्या जागेवरून आठ इंची दुर्बिणीत ती आजही दिसते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ आणि गावोगावचे आकाशदर्शन गट यांच्याकडे अशा दुर्बिणी आहेत, आणि पिधानांचे अंदाज इंटरनेटवर आधीच जाहीर होतात. एखाद्या काळ्या लघुग्रहाची सावली आपल्या जिल्ह्यावरून जाणार असेल, तर त्या रात्री घड्याळ बिनचूक लावून दुर्बिणीशी बसावं आणि वेळ नोंदवून पाठवावी. ताऱ्याचं ते काही सेकंदांचं झाकणं आपल्या गावातून कुणी नोंदवलं नाही, तर ते माप पुन्हा मिळत नाही.