एका सप्तकात एकतीस पट्ट्या

पेटीच्या सप्तकात बारा पट्ट्या असतात. सोळाव्या शतकातल्या इटलीत काही संगीतकारांना त्या अपुऱ्या पडत होत्या.

अडचण गणिताची होती. षड्जापासून शुद्ध गांधार घ्यायचा, त्यालाच षड्ज मानून पुढचा गांधार, मग त्यावर आणखी एक. अशा तीन पायऱ्यांत तार षड्ज यायला हवा, पण आपण त्याच्या अलीकडेच थांबतो. ही तूट पूर्ण स्वराच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी. त्या काळी वाद्ये गांधार शुद्ध राखून लावत, त्यामुळे जी-शार्प आणि ए-फ्लॅट हे वेगळे स्वर एकाच काळ्या पट्टीत मावत नसत. म्हणून कारागिरांनी पट्टी दुभंगली : पुढचा भाग एका स्वराचा, मागचा दुसऱ्याचा. 1548 मध्ये संगीतशास्त्रज्ञ जोसेफो झार्लिनोने तर सप्तकात एकोणीस पट्ट्यांचे हार्प्सिकॉर्ड बनवून घेतले.

संगीतकार निकोला विचेंतिनोची हाव याहून मोठी. प्राचीन ग्रीकांचे सूक्ष्म स्वर त्याला पुन्हा गळ्यात आणायचे होते. 1551 मध्ये रोमला व्हिसेंती लुझितानो या संगीतकाराशी याच विषयावर वाद घालून तो पैज हरला. पण 1555 च्या ग्रंथात त्याने आपल्या ‘आर्किचेंबालो’ची रचना मांडलीच : दोन मजल्यांवर, सप्तकात छत्तीस पट्ट्या.

1606 मध्ये व्हेनिसच्या व्हितो त्रासुंतिनोने एकाच मजल्यावर सप्तकात एकतीस पट्ट्या बसवल्या. हे वाद्य बोलोन्याच्या संग्रहालयात आजही आहे. ते लावण्यासाठी त्याने वेगळे तारवाद्यही दिले, यावरूनच लावणाऱ्याची दमछाक कळते.

1691 मध्ये शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हॉयगेन्सने दाखवले, की सप्तकाचे एकतीस समान भाग केले तर गांधार जवळजवळ शुद्ध येतो. तोच धागा धरून आद्रिआन फोकर या डच भौतिकशास्त्रज्ञाने 1950 मध्ये हार्लेमला एकतीस स्वरांचा ऑर्गन उभारला.

आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी मिळून श्रुतींची पेटी करून पाहिली. तीही मैफलीत रुळली नाही.

ही वाद्ये मागे पडली ती बोटांच्या आणि स्वर लावण्याच्या कटकटीमुळे; कानाने त्यांना नाकारले नव्हते. बारा पट्ट्या ही सोयीची तडजोड आहे, निसर्गाचा नियम नव्हे.